वडिलांच्या कानातला पंखा

माझं काम ऐकण्याचं आहे. लोकांना आधी वाटतं गाण्याबद्दल बोलते आहे, आणि नाही म्हटलं की त्यांचा विरस होतो. कुणीतरी स्टुडिओत बसून पुस्तक वाचतं आणि ते बोलकं पुस्तक लोकांपर्यंत जाण्याआधी माझ्याकडे येतं. छापील मजकूर समोर ठेवून मी ते अक्षरन् अक्षर ऐकते. शब्द गाळला, श्वास मोठा आला, खुर्ची करकरली, वाचणाऱ्याचं पोट गुरगुरलं, सगळं टिपून कळवायचं. नाशकात पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो-हाउसच्या मागच्या खोलीत बसून मी हे करते. मला हे काम मनापासून आवडतं. उभ्या जन्मात दुसऱ्या कुणी मला इतकं निवांत बसून वाचून दाखवलेलं नाही.

लॅपटॉपच्या स्वतःच्या भोकात हेडफोन घातला की मागे सतत बारीक सरसर ऐकू येई. म्हणून मी डॅक घेतला. काड्यापेटीहून जरा मोठी, धातूची काळी डबी. कॉम्प्युटरमधून आकड्यांच्या रूपात आलेला आवाज ती कानाला कळेल असा करते आणि हेडफोनला देते. आत स्वतःची बॅटरी असल्याने खिशात घालून कुठेही नेता येते. आमच्या ह्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि एवढ्याशा डबीत असं काय आहे, असं विचारलं. किंमत मी सांगितली नाही.

पहिल्या दिवशी ती चालेचना. वायर लावली, लाल दिवा लागला, पण लॅपटॉप तिला ओळखच देईना. मी बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाल्यावर ह्यांनी चष्मा लावून डबीचं बूड पाहिलं. तिथे हुबेहूब सारखी दोन भोकं होती, एक आवाजाचं आणि एक नुसतं चार्जिंगचं. माझी वायर चार्जिंगच्या भोकात होती. दिवसभर ती बया पोटभर वीज खात बसली होती. हे काही बोलले नाहीत, पण त्यांचं ते न बोलणं मला चांगलं ऐकू आलं.

मग जुन्या डेस्कटॉपला लावून पाहिलं. पुढच्या बाजूला लावली की वाचणारा मधेच अर्धा शब्द गिळायचा, मागच्या बाजूला लावली की नीट बोलायचा. पुढच्या सॉकेटला पुरेशी वीज मिळत नव्हती. फोनने तर ही वस्तू फार वीज खाते म्हणून सरळ नकार दिला. डबीच्या कडेला एक बारीकसं बटण आहे. ते सरकवलं की ती समोरच्याची वीज घेणं थांबवते आणि आपल्या बॅटरीवर चालते. ते सापडल्यावर फोनचीही तक्रार मिटली. शेवटी ती लॅपटॉपलाच कायमची लागली. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झाली होती, त्यामुळे त्याचा चार्जर सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिंतीत असायचा.

होळी झाली, ऊन तापायला लागलं आणि मला घूं ऐकू यायला लागलं.

वाचणारा बोलत असला की जाणवायचं नाही. तो वाक्य संपवून थांबला की त्या थांबण्याच्या तळाशी ते असायचं, जाड, खालच्या पट्टीतलं, न हलणारं. मी इमानदारीत टिपून पाठवलं, की मागे घरघर आहे. पलीकडून सभ्य उत्तर आलं की आमच्याकडे दोघांनी ऐकलं, काही नाही. दुसऱ्या पुस्तकालाही तसंच झालं. मी पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटरीवर संशय घेतला. हेडफोन काढून गप्प बसले तरी कुठेतरी आत ते चालूच आहे असं वाटायचं. शांत खोलीत कान लावून बसलं की कुणालाही काही ना काही ऐकू येतं, हे मला माहीत होतं. पण भ्यायलेल्या माणसाला माहीत असलेल्या गोष्टींचा काही उपयोग नसतो.

भ्यायले, कारण हे घूं माझ्या ओळखीचं होतं. ऐकून नाही, सांगण्यावरून. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, निफाडजवळच्या आमच्या गावाहून सातपूरला एका कारखान्यात कामाला जायचे. लोखंडी पत्र्यातून तुकडे पाडणाऱ्या प्रेसवर त्यांनी सगळी नोकरी काढली. कानात घालायला कापूस असायचा, तोही वाटलं तर घालायचा. असेच एकदा थंडीत जेवायला बसलेलो असताना ते म्हणाले, पंखा बंद करा. पंखा बंदच होता. आम्ही खूप हसलो. त्यानंतर ते कितीदा तरी मान वर करून पंख्याकडे बघायचे आणि तो फिरत नाही हे पाहून परत ताटात बघायचे. मग बारीक आवाज जायला लागले. चिमण्या, कुकरची शिट्टी, माझा चिरका आवाज, मग आईचा. तेव्हा ते साधारण माझ्या आत्ताच्या वयाचे होते.

मी घरात कुणालाच सांगितलं नाही. काम जाईल ही भीती होतीच, पण खरी भीती वेगळी होती. मला अण्णांसारखं व्हायचं नव्हतं. लग्नकार्यात सगळे हसले की अर्ध्या क्षणाने हसणारं माणूस मला व्हायचं नव्हतं. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि ह्यांना सांगितलं की दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय.

त्या आठवड्यात शनिवारी दुरुस्तीसाठी आमच्या भागातली लाईट गेली. मी ऐकत बसले होते. पंखा थांबला, लॅपटॉप बॅटरीवर गेला, वाचणारी बाई आपली वाचत राहिली. एक परिच्छेद संपवून ती थांबली आणि त्या थांबण्याच्या तळाशी काहीच नव्हतं. स्वच्छ. मी श्वास रोखून पुढचं वाक्य जाऊ दिलं. त्याच्याही शेवटी काही नव्हतं.

लाईट आली आणि घूं आलं. मी लॅपटॉपचा चार्जर ओढून काढला, घूं गेलं. लावला, आलं. काढला, गेलं. लहान मूल दिव्याच्या बटणाशी खेळतं तसं मी ते कितीतरी वेळ करत राहिले, आणि मग हेडफोन गळ्यात ठेवूनच रडले. कान माझे होते तसेच होते. घूं भिंतीतून चार्जरमध्ये, तिथून लॅपटॉपमध्ये आणि तिथून डबीत येत होतं.

ह्यांना सगळं सांगितलं, दाताच्या डॉक्टरांसकट. ते आधी रागावले, की एवढं मनात ठेवायचं कशाला. मग डबीच्या धातूवर बोटाची उलटी बाजू फिरवून म्हणाले की मुंग्या येतायत, आपलं अर्थिंग गेलंय. उपकरणांतली भरकटलेली वीज मातीत जिरावी म्हणून घराच्या विजेची एक वायर जमिनीत उतरवलेली असते, कोळसा आणि मीठ भरलेल्या खड्ड्यात. तिथली माती ओली राहिली तरच ती वायर कामाची. आमचा तो खड्डा मागच्या अंगणात होता, आणि बाथरूमच्या पाण्यावर वाढलेली माझी कर्दळ त्याच्यावरच होती. दिवाळीत अंगण स्वच्छ दिसावं म्हणून ह्यांनी कर्दळ उपटून तिथे पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. पाण्याला नवी नाली केली. अंगण स्वच्छ झालं आणि खड्डा वाळून खडखडीत झाला.

या खेपेला मी काही बोलले नाही. ह्यांना ते चांगलं ऐकू आलं असावं, कारण पहारीने ब्लॉक त्यांनीच उचकटले, बादल्यांनी पाणीही त्यांनीच ओतलं. माती कितीतरी वेळ बुडबुडत पीत होती. दुसऱ्या दिवशी चार्जर लावून ऐकलं तर घूं नव्हतं. ह्यांनी शेजारून कर्दळीचा गड्डा मागून आणला आणि डॉक्टरांची वेळ मी रद्द केली.

अक्षय्य तृतीयेला आम्ही निफाडकडे माझ्या माहेरी गेलो. एक पुस्तक अर्धवट राहिलं होतं म्हणून लॅपटॉप आणि डबी बरोबर नेली. आमरस-पुरणपोळी झाल्यावर हे आत जाऊन घोरायला लागले आणि मी पडवीत कामाला बसले. तिथला बोर्ड जुना, दोनच भोकांचा, अर्थिंगची वायर त्या घराने कधी पाहिलेलीच नाही. तीन पिनांच्या दोन करणारी जोडपिन लावून मी चार्जर खुपसला, हेडफोन घातले, आणि घूं आलं. नाशकातल्यापेक्षा चांगलं दणदणीत. मला आता त्याची भीती वाटली नाही. उलट, हे पाहिजे तेव्हा बंद करता येण्यासारखं आहे, या विचाराने जरा गंमतच वाटली.

अण्णा समोर बाजेवर बसून लसूण सोलत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्याशी बोलायचं तर ओठ मोठे हलवून किंवा लिहून. घेतलेलं श्रवणयंत्र कपाटात पडून असतं, त्याने फक्त भांडी मोठी वाजतात असं ते म्हणतात. मी लॅपटॉपवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, की अण्णा, तुमच्या कानात कसा आवाज येतो? आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

त्यांनी दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हाच कळलं की हे त्यांना आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. ऐकू येतं का, हे सगळ्यांनी विचारलं होतं. काय ऐकू येतं, हे कुणीच नाही.

मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवले आणि डबीची ताकद होती तेवढी वाढवली. जाड आवाज त्यांना अजून थोडे कळतात, ट्रॅक्टर, ढग. पुस्तक लावलंच नाही, चार्जर तेवढा चालू ठेवला. अण्णांनी डोळे मिटले. लसणाची पाकळी बोटात तशीच राहिली.

"हाच," ते म्हणाले. "याच्यात एक बारीक शिट्टी घाल, का झाला."

मी चार्जर काढला. त्यांनी डोळे उघडले, जरा वाट पाहिली आणि हसले. डबीकडे बोट करून म्हणाले, "हा गेला." मग तेच बोट कानाशी नेलं. "ह्यो नाय जात."

आई दारात उभी राहून हे पाहत होती. अण्णांबद्दल तिचं एक आवडतं वाक्य होतं, की ह्यांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं. पाहुण्यांना चहा देताना ती ते हमखास म्हणायची आणि पाहुणे हमखास हसायचे. ती येऊन बसली आणि म्हणाली, मला दाखव. मी हेडफोन तिच्या पदरावरूनच चढवले आणि चार्जर लावला.

तिला वाटलं असेल काहीतरी थोडा वेळ वाजेल आणि संपेल. ती वाट पाहत बसली. आधी माझ्याकडे बघत होती, मग जमिनीकडे, मग अण्णांकडे. अण्णा परत लसूण सोलायला लागले होते. आईचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मला वाटलं काढावेत हेडफोन, पण तिनेच हाताने मला थांबवलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बंद कर बाई."

मी चार्जर काढला. तिने हेडफोन मांडीवर ठेवले आणि दोन्ही कानांवरून हात फिरवला.

"आन् ह्यांचा?" तिने विचारलं.

आई उठली, बाजेपाशी गेली आणि अण्णांच्या समोर, त्यांना आपलं तोंड नीट दिसेल अशी, खाली बसली. एरवी ती त्यांच्याशी स्वयंपाकघरातून ओरडूनच बोलते. तिने त्यांच्या पुढ्यातला अर्धा लसूण आपल्याकडे ओढला आणि ओठ सावकाश हलवत विचारलं, "चहा ठेवू का?"