बर्फाचे चार टायर

ओमानात बर्फाचे टायर कोण मागतो? उभं आयुष्य मी या देशात टायर काढण्या-घालण्यात घालवलं, मला कुणी मागितले नव्हते. इथे टायरचा वैरी म्हणजे ऊन. उन्हाळ्यात दुपारी उभ्या गाडीच्या रबराला हात लावा, चटका बसेल. गिऱ्हाईक येतं ते वाळूत जाणारे टायर मागतं, नाहीतर वादीतल्या दगडगोट्यांवर टिकणारे. वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. बर्फाचे मागितले ते एकट्या माझ्या अरबाबने, गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर.

अरबाब म्हणजे मालक. पण ते चारचौघांत. दोघंच असलो की तो मला शैबा म्हणायचा आणि मी त्याला शैबा म्हणायचो. शैबा म्हणजे म्हातारा. दोघांच्या दाढ्या पिकल्यावर ही हाक कधी सुरू झाली ते कळलं नाही. आमची बोली अर्धी हिंदी, अर्धी अरबी, तिसऱ्याला पत्ता लागायचा नाही. इथे मी मराठीत लिहितो, तेवढं समजून घ्या.

मी चौथी शिकलेला माणूस. कोकणातून आलो तेव्हा खाबुरा नावाच्या गावी हमरस्त्याच्या कडेला त्याचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान मी चालवायचो, तो ट्रक चालवायचा. मस्कत ते सलालाह, मधे सगळं वाळवंट. फेरी करून आला की आधी घरी जायचा नाही, दुकानात येऊन टायर दाखवायचा. "हा मला दगा देईल का, बघ." मी हात फिरवून सांगायचो. पुढे त्याचे ट्रक वाढले, मस्कतजवळ अल अमेरातला हे मोठं दुकान झालं, मुलं शिकली, ऑफिसात बसली. मला त्याने एकदा मॅनेजर हो म्हटलं होतं. मी नाही म्हटलं. खुर्चीत बसून दुसऱ्याला हात काळे करायला सांगणं मला जमत नाही.

मग मुलांनी त्याला गाडी भेट दिली. परदेशी, उंच, महागडी, आतून दिवाणखाना. बावीस इंची चकचकीत रिम आणि तिच्यावर रबर बांगडीएवढं. गाडीबरोबर ड्रायव्हरही दिला, कारण त्याच्या छातीत हृदयाचं छोटं यंत्र बसवलं होतं आणि डॉक्टरने लांबचं गाडी चालवणं बंद करायला सांगितलं होतं. गाडी त्याला आवडली. ड्रायव्हर मनाला लागला.

एके सकाळी ती गाडी दुकानात आली. स्टिअरिंगवर अरबाब, आणि ड्रायव्हर शेजारी मांडीवर हात ठेवून गप्प बसलेला.

"शैबा, बर्फाचे टायर आण."

"डोकं फिरलं? बर्फ कुठाय?"

"तुर्कस्तानात. डोंगरात."

"मग बर्फ इकडे येतोय की तू तिकडे चाललास?"

"आपण दोघं चाललोय," तो म्हणाला. "दुबई, सौदी, इराक, तुर्कस्तान. यल्ला, पासपोर्ट आण, व्हिसा मी काढतो."

इथले लोक असे जातात हे मला माहीत होतं. तरणी पोरं थंडीत गाड्या घेऊन निघतात, बर्फात उभं राहून फोटो काढतात. पण हा? मी म्हटलं, छातीत यंत्र घेऊन कुठे जातोस? तो चिडला. म्हणाला, सलालाहच्या डोंगरात धुकं आणि चिखल चालवला, वाळू चालवली, वादीला पूर आला तेव्हा पुरातून ट्रक काढला, एक बर्फ तेवढा राहिला. "पोरं म्हणतात मागे बस. मागे आडवं पडून एकदाच जायचंय. तोवर मी पुढेच बसणार."

मलाही माझी पोरं गावाहून फोन करतात, आता पुरे झालं, या म्हणून. बसून काय करू ते सांगत नाहीत.

आता टायर निवडायचे तर आमच्यात तंटा सुरू झाला. तो म्हणे हीच बावीस इंची रिम राहू दे, मुलांनी हौसेने दिलीय. मी म्हटलं, ही रिम लग्नाला जायला ठीक आहे. बर्फाखालचा खड्डा दिसणार नाही, रबर एवढंसं, पहिल्या दणक्यात रिम चिरेल. रिम लहान घे, एकोणीसची, म्हणजे रबर उंच येईल. आणि टायर रुंद घे, चांगला पसरट, हवा थोडी सोडली की गाडी वरून तरंगत जाईल. वाळूत आपण तेच करतो, मग बर्फात वेगळं काय?

टायर कंपनीच्या काउंटरवर वसईचा एक ख्रिस्ती गडी आहे, माझ्या थोरल्याच्या वयाचा. त्याला फोन लावून सांगितलं तर तो हसायलाच लागला.

"काका, वाळू नाय ती! बर्फात टायर अरुंद लागतो. रुंद घातला तर वर घसरत बसेल. अरुंद असला की बर्फ कापून खाली जातो, जमीन धरतो. आणि हवा पुरी ठेवायची."

"तू बर्फ बघितलास?"

"नाय."

"मग?"

"तुमी तरी कुठे बघितलाय? फ्रीजमधला?"

मी फोन ठेवला. दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. एकोणीसची एक जुनी रिम पडली होती, ती आणून गाडीला लावून बघितली. आत ब्रेकचा जाडजूड भाग आहे, त्याला ती टेकली. फिरेचना. मी जरा ठोकूनही पाहिली. अरबाब खुर्ची टाकून बसला होता, चहा पीत. "शैबा, ब्रेक काढून टाकू का तुझ्या रिमसाठी?" असं म्हणून इतका हसला की चहा सांडला. शेवटी वसईवाल्याला फोन केला. विसाची रिम, टायर अरुंद, रबराची उंची अशी की चाकाचा एकूण घेर पहिल्याएवढाच, नाहीतर वेगाचा काटा खोटं दाखवतो. इथे असा माल कोण ठेवतो! बाहेरून मागवावा लागला.

टायर यायच्या आत अरबाबचा थोरला दुकानात आला. चांगला मुलगा आहे. लहानपणी माझ्या जॅकवर चढून बसायचा. मला चाचा म्हणतो.

"चाचा, टायर मिळत नाहीत म्हणून सांगा."

"निघालेत तिकडून."

"मग अडकले म्हणा. थंडी संपेपर्यंत रेटा. इन्शाल्ला पुढच्या वर्षी त्यांचाच विचार बदलेल. डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला माहीत आहे. वाटेत काही झालं तर?"

"बापाला तू सांग."

"माझं ऐकतात का? तुमचं ऐकतात."

"माझं ऐकतो कारण मी त्याला आजवर असलेला टायर नाही म्हणून सांगितलेलं नाही."

डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. "चाचा, गाडी तुमच्या हातात नसणार. त्यांच्या हातात असणार," एवढं बोलून गेला. खरंच होतं त्याचं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पण सकाळी उठून खोटं बोलायला जीभ उचलेना.

घरी फोनवर सांगितलं तर बायको मालवणीतून कडाडली. "बर्फ बघूक तुर्कस्तानात जातल्यात, आणि घरचे माड बघूक येळ नाय तुमका!" तरी मी बाजारातून जाड जॅकेट घेऊन आलो. खोलीतल्यांनी विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, एसी जास्त लागतो.

टायर आले. मी हात फिरवला. असं रबर मी हाताळलं नव्हतं. मऊ, बोटाने दाबलं तर दबणारं, आणि सगळ्या नक्षीवर ब्लेडने कापाव्यात तशा बारीक बारीक चिरा. त्या चिरा बर्फ पकडतात म्हणे. बाजूला डोंगर कोरलेला आणि त्यात बर्फाची चांदणी. नव्या टायरला रबराचे केस असतात तसे यालाही होते, दाट. अरबाब वाकून त्या चांदणीवरून बोट फिरवत राहिला.

खरं तर हे टायर इथे घालायचेच नव्हते. गाडीत टाकून न्यायचे आणि थंडी लागली की तिकडे चढवायचे. आपल्याकडच्या रस्त्यावर, हिवाळा असला तरी, असलं रबर खोडरबरासारखं झिजेल. पण कुठे घासतं का ते बघायला एकदा चढवणं भाग होतं. चढवले. स्टिअरिंग पुरतं फिरवून बघितलं. कुठेच लागत नव्हतं.

"खलास," मी म्हटलं, "आता काढतो."

"थांब. एक फेरी."

"झिजतील रे."

"एक फेरी, शैबा. घाटापर्यंत."

अमेरातहून डोंगर चढून मस्कतकडे जाणारा घाट आहे. तो चालवत होता, मी शेजारी. टायरचा गुणगुण आवाज येत होता. वळणं त्याने अशी घेतली की मला खाबुऱ्याचा तो ट्रकवाला दिसला. वर जागा बघून गाडी थांबवली. खाली सगळं अमेरात, पांढरी घरं. मीटरवर बाहेरचं तापमान सव्वीस.

"बर्फ माफी," तो म्हणाला. माफी म्हणजे नाही. मग एसीचं बटण तळापर्यंत फिरवलं. थंडगार वारा तोंडावर. "बघ, इतकं गार असतं का तिकडे?"

"मी गेलोय का तिकडे?"

"जॅकेट घेतलंस म्हणे."

"कोण म्हणालं?"

"खोलीतले सगळे सांगतात." तो हसत होता. "घालून यायचंस की."

आम्ही दोघं तिथे कुडकुडत बसलो. कुणीच एसी कमी केला नाही. परत आल्यावर मी पाना घेतला, पण तो म्हणाला राहू दे आज, घरी नातवंडांना दाखवतो, उद्या काढ.

दुसऱ्या दिवशी दुपारची नमाज करून घरी आला, जरा पडतो म्हणाला, आणि उठलाच नाही. डॉक्टरांनी गाडीची भीती घातली होती. गेला तो घरच्या गादीवर.

यांच्यात माती लगेच देतात. मी पोचलो तेव्हा नेण्याची तयारी झाली होती. थोरल्याने किल्ली माझ्या हातात दिली. "चाचा, त्यांची गाडी तुम्ही मागून आणा. रिकामी घरी नको." मी आणली. पुढच्या गाडीत तो मागे आडवा, आणि मी त्याच्या सीटवर. सीट त्याच्या उंचीला लावलेली होती. माझे पाय नीट पोचत नव्हते, पण मी ती सरकवली नाही.

कबरस्तान डोंगराच्या पायथ्याशी आहे. डांबर संपतं, पुढे नुसते खडे आणि माती. मी आत गेलो नाही. कुणी अडवलं नव्हतं. मला त्यांची प्रार्थना येत नाही, आणि येत नसताना ओठ हलवणं मला आवडत नाही. भिंतीबाहेर गाडीला टेकून उभा राहिलो. भिंतीवरून पाठमोरी डोकी दिसत होती. माती पडल्याचा आवाज मात्र ऐकू आला.

काही आठवड्यांनी थोरला गाडी घेऊन दुकानात आला. विकायची म्हणाला, घरात कुणाला ती बघवत नाही. बावीसचीच रिम परत चढवा.

मी जॅक लावला. तो उभाच होता. म्हणाला, "मी तुमच्यावर रागावलो होतो, चाचा."

"ठाऊक आहे."

"त्या दिवशी घाटातून आले ना, जेवताना सगळ्यांना तेच सांगत होते. टायर कसे बोलतात, शैबा कसा गारठला. किती दिवसांनी पोटभर जेवले." मग बाहेर जाऊन उभा राहिला.

गाडी गेली. वसईवाल्याला फोन करून टायरचं विचारलं. तो हळू आवाजात म्हणाला, "काका, वापरलेले परत नाय घेत कंपनी. आणि इथे घेणार कोण?" मग म्हणाला, "राहू दे ना तुमच्याकडे."

काढलेला टायर ठेवण्याआधी नक्षीत अडकलेले खडे स्क्रू ड्रायव्हरने काढायचे, ही माझी जुनी सवय. खाली बसलो आणि लागलो काढायला. घाट, त्याचं घर, कबरस्तान, एवढाच काय तो त्या टायरांचा प्रवास. बाजूचे केस अजून तसेच होते. त्या बर्फाच्या चिरांमध्ये बारीक खडे बसले होते, करडे, डोंगराच्या पायथ्याचे. एक टायर साफ केला. दुसरा केला. तिसरा अर्ध्यावर आला तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी काय उकरून काढतोय ते.

स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. काढलेले खडे फरशीवरून गोळा केले. ते कुठे टाकावे सुचेना, म्हणून जॅकेटच्या खिशात घातले. जॅकेट दुकानातच खिळ्याला टांगलेलं आहे. टायर मागच्या सावलीत उभे आहेत. उन्हाळा लागला की ते मऊ रबर कडक व्हायला लागेल, त्याला इलाज नाही. एकाच बाजूवर भार येऊन चपटे होऊ नयेत म्हणून मी ते अधूनमधून फिरवून ठेवतो. गिऱ्हाईक विचारतं, हे कुठल्या गाडीचे? मी सांगतो, विकायचे नाहीत.