गोंदणाभोवतीचं लाल वर्तुळ

मॉलमधल्या कोरियन प्रसाधनांच्या काउंटरवर एक यंत्र चेहरा तपासून ज्याला त्याला वेगळं क्रीम सुचवतं. लग्न ठरलेल्या एका मुलीनं आईला तिथे बसवलं. यंत्रानं पडद्यावर आईच्या कपाळावरच्या गोंदणाभोवती लाल वर्तुळ काढलं.

"मावशी, हा डाग फिका होईल," विक्रेती म्हणाली.

"डाग कसला? माझ्या आईनं हौसेनं गोंदवलंय."

"मशीनमध्ये गोंदण असं काही येत नाही, मावशी."

"आई, लावून तर बघ. फोटो चांगले येतील," मुलगी म्हणाली.

प्रत्येक चेहऱ्याला वेगळं उत्तर, असा फलक वर होता. काय पुसायचं, हे मात्र सगळ्या चेहऱ्यांसाठी आधीच ठरलेलं होतं.

आई उठली.

"तुझ्या लग्नाच्या फोटोत मी ओळखू यायला नको का गं?"

मुलगी अजून पडद्यावरच्या वर्तुळाकडेच बघत होती.