नुसती मैत्री

नात फोनवर ‘वी आर जस्ट गुड फ्रेंड्स’ म्हणाली आणि मला बेगम बाजारातलं माधवचं हिंगाचं दुकान आठवलं. तो उग्र वास अजून नाकातून जात नाही.

त्या दुकानातच एकदा त्याच्या आईने मला विचारलं, ‘तुमचं दोघांचं काय आहे?’ मी शहाणीने कॉलेजातलं ताजं इंग्रजी झाडलं, ‘जस्ट गुड फ्रेंड्स! म्हणजे नुसती मैत्री.’ काय तो तोरा!

‘हौ का? मग उद्या त्याच्यासाठी मुलगी बघायला जाते.’

मी घरी निघाले, पार पुढे अफझलगंजपर्यंत गेले, पण जीव थाऱ्यावर राहीना. धावत परतले नि धापा टाकत म्हणाले, ‘मावशी, जाऊ नका!’

कसली मुलगी नि कसलं काय! लग्नानंतर सासूबाई हसत म्हणाल्या, ‘अगं, तू गल्लीच्या वळणावरूनच परतशील असं वाटलं होतं. फार वाट बघायला लावलीस.’