डावीकडची दुसरी फेरी

पाठीमागून हाक मारली की आउदुन डाव्या खांद्यावरून वळून बघायचा. कॉफी डावीकडून ढवळायचा. डावा बूट आधी घालायचा, क्लिप लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. संत्र्याची साल तुटू द्यायचा नाही. उडीच्या आधी जीभ दातांत धरायचा आणि मुलांवर मात्र ओरडायचा, "जीभ आत रे, तुकडा पडेल!" बर्फावर उतरला की थांबून, मान मागे टाकून वर बघायचा. कुणीतरी खाली यायचं राहिलंय, असं.

हे शेवटचं माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मी ओस्लोत साहित्य शिकून परत आले आणि टेकडीवरच्या क्लबच्या खिडकीत वाफल, म्हणजे जाळीदार गोड घावनं, भाजायला लागले. आउदुन म्हणायचा, "सिग्रुन, पदवी घेतल्यापासून तुझं पीठ पातळ झालंय." तो हिवाळाभर जंप बांधायचा, म्हणजे बर्फ रचून, घासून उडीचा चढ तयार करायचा, आणि दुपारी मुलांना स्कीवरून उडी घेऊन हवेत फिरायला शिकवायचा. आम्ही पहिलीपासून एका वर्गात. तो सव्वीस वर्षांचा झाला. मी अजून पंचविशीत आहे. आता ऑगस्टमध्ये मी त्याच्याएवढी होईन.

आमच्या टेकडीवर जंप एकच. तिच्या डाव्या हाताला, माणसांना उतारावरून वर ओढून नेणाऱ्या लिफ्टचे खांब. डावीकडे फिरणारा हवेत डावीकडे सरकतो. म्हणून लिफ्ट चालवणाऱ्या रायदारनं, आउदुनच्या वडिलांनी, फार पूर्वी नियम केला. इथं सगळे उजवीकडे फिरतात. खालच्या खोऱ्यांतल्या स्पर्धांत आम्हाला त्यावरूनच ओळखायचे. "आले, उजवे आले." आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा.

पण अंग टेकडीला विचारून तयार होत नाही. कुणी डावं असतं, कुणी उजवं. ते बघायला फक्त मोजे घालून जमिनीवर उडी मारायला सांगायचं आणि गप्प बसायचं. अकरा वर्षांच्या आउदुननं स्वयंपाकघरात तशी उडी मारली होती. तो डावीकडे वळला. रायदारनं त्याला खांद्यांना धरून उलटं फिरवलं. "असं. आता परत."

तो शिकला. सतरा वर्षांचा असताना उजवीकडून अडीच फेऱ्या घ्यायचा. एकोणिसाव्या वर्षी त्यानं स्पर्धा सोडल्या. कारण विचारलं तर म्हणायचा, "गुडघा." गुडघ्याला काही झालं नव्हतं.

डिसेंबरात आमच्याकडे दुपारी तीनला दिवे लागतात. एकदा एक मुलगा उडत होता आणि त्याची सावली उतारावर फिरत होती. आउदुन म्हणाला, "कुठल्या बाजूनं फिरतेय ती?"

"उजवीकडून. तो फिरतोय तशीच."

"नुसत्या सावलीकडे बघ."

मी बघितलं. सावलीवरून कळत नव्हतं. दोन्ही बाजूंनी खरं वाटत होतं.

"माझ्यातला एक वरच राहिलाय," तो म्हणाला. "अकरा वर्षांचा. मी दर वेळी एकटाच उतरतो."

मी हसले. तो हसला नाही.

त्यानंतर महिन्याभरानं सहा वर्षांची तिरिल क्लबमध्ये आली. आउदुननं तिला मोज्यांवर उडी मारायला सांगितलं. ती डावीकडे वळली. त्यानं वाकून तिचे खांदे धरले आणि म्हणाला, "असं. आता परत." मग हात भाजल्यासारखे मागे घेतले. बाहेर जाऊन लिफ्टपाशी उभा राहिला. टोपी आतच विसरला होता.

त्याच आठवड्यात त्यानं ठरवलं. टेकडीच्या पलीकडे, जिथं खांब नाहीत, तिथं दुसरी जंप करायची. खाली मातीचा कायमचा ढीग, वर दर वर्षीचा बर्फ. आणि ती होईपर्यंत आपण स्वतः डावीकडून शिकायचं. "मला येत नाही ते मी त्यांना कुठल्या तोंडानं शिकवू?"

अगदी पहिल्यापासून सुरुवात. ट्रॅम्पोलिनवर अर्धी फेरी, मग एक. छोट्या मुलांच्या रांगेत उभा राहायचा. पडायचा. तिरिल त्याला म्हणाली, "मोठा झालास की येईल तुला."

रायदार म्हणाला, "पंचवीस वर्षांचा घोडा, आणि रांगतोय."

"रांगायचं राहून गेलं होतं, पप्पा."

दुसऱ्या दिवशी मी बघितलं, रायदारनं लिफ्टच्या खांबांना जुन्या गाद्या बांधल्या होत्या. दोन-दोन, एकीवर एक.

सप्टेंबरच्या श्रमदानाला अकरा जण आले. खोदायचं यंत्र कुणीतरी शेतावरून आणलं. मी वाफल केले. पण त्या वर्षी जमीन लवकर गोठली आणि काम थांबलं.

मार्चपर्यंत त्याला डावीकडून दीड फेरी यायला लागली. उतरायचा आणि वर बघायचा नाही. मी त्याला ते सांगितलं. "कुणी नाहीये वर," तो म्हणाला. "बहुतेक."

दोन फेऱ्या पूर्ण झाल्या की त्याला मुलांना सांगायचं होतं, "आलं मला." एप्रिलमधल्या शेवटच्या शनिवारी, सकाळी, तो जंपच्या उजव्या कडेनं आला. मी खिडकीत होते. डावीकडून एक फेरी झाली. छान, गोल. दुसरीच्या मध्यावर त्याची मान उजवीकडे गेली. एका क्षणात अंग डाव्या-उजव्या दोघांचं ऐकायला लागलं. तो पाठीवर पडला. आवाज फार मोठा नव्हता.

दोन दिवसांनी इस्पितळात त्याचा जीव गेला.

त्याला खांब लागला नाही. हे मी रायदारला तीनदा सांगितलं. तो त्यांच्या स्वयंपाकघरात बसला होता. ब्रेडवर तपकिरी चीज ठेवून त्यानं ते खाल्लं नव्हतं.

"कुठून फिरत होता?"

"डावीकडून."

"शेवटपर्यंत?"

"हो."

त्यानं ब्रेडची ताटली बाजूला सरकवली.

"इतकी पुस्तकं वाचलीस," तो म्हणाला, "नीट खोटं बोलायला तरी शिकायचं होतंस."

मग त्यानं माझ्यासमोर कप ठेवला. कॉफी ओतली.

आता मे आहे. बर्फ गेला. परवा मी पलीकडे जाऊन आले. माती दिसायला लागलीये. उडी घ्यायचा चढ आउदुननं पूर्ण केला होता, कडेला दगड बसवले होते, दोरी ताणून माप घेतलं होतं. उतरायची बाजू भरायची राहिली. तिथं चार खुंट्या आहेत, आणि खड्ड्यात वितळलेलं पाणी.