काचेच्या स्टॉपवरून टाकलेली दस्ती

जागा धरण्यात अख्ख्या देगलूर तालुक्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. एसटी स्टँडात शिरत असतानाच खिडकीतून दस्ती आत टाकायची आणि मग निवांत चढायचं. (दस्ती म्हणजे आमच्याकडचा रुमाल. माझी मात्र टॉवेलाएवढी. लहान दस्तीला लोक जुमानत नाहीत!)

आमची प्रणाली अहमदाबादला नोकरी करते. तिथलाच एक मुलगा तिने पसंत केला. मुलाची आई मूळची किनवटची. फोनवर बोलणं झालं होतं, पण आम्हाला प्रत्यक्ष बघून मगच त्या होकार देणार होत्या. म्हणून मी आणि बायको सुनंदा अहमदाबादला गेलो.

पोरीने बजावलं, "पप्पा, मुलाच्या आई बसमध्येच असतील. आपण मधल्या स्टॉपवर चढायचं अन् गप बसायचं. तुमचं देगलूर दाखवू नका."

स्टॉप बघितला आणि मी जागीच थबकलो. जुन्या शहरात, भल्यामोठ्या दगडी दरवाजासमोर, रस्त्याच्या मधोमध काचेचं घर उभं! फरशी इतकी लख्ख, की मी पायरीशीच चपला काढल्या.

"पप्पा! चपला घाला!"

"आगं, पाय उठतील की!"

सुनंदा काचेवरून हात फिरवत होती. "आवो, हितं तर लगीन लावता येतंय!"

खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. बसची वाट बघणाऱ्या माणसाची एवढी इज्जत मी जन्मात पाहिली नव्हती.

तेवढ्यात बस दिसली. सवयीप्रमाणे मी हात केला.

"हात नका करू, ती थांबतेच!" प्रणाली पुटपुटली.

आणि थांबली की हो! अगदी दाराला दार लावून. काचेची दारं आपोआप सरकली. मी आ वासून बघत राहिलो आणि तोवर लोक आत घुसायला लागले!

बस गच्च भरलेली. एवढ्यात खिडकीजवळच्या एक बाई उठून दाराकडे यायला निघाल्या.

"जागा झाली! दस्ती टाका!" सुनंदा ओरडली.

हात आपोआप गेला. चार डोक्यांवरून दस्ती उडाली आणि बरोबर त्या सीटवर पसरली. (काय तो नेम!) तिच्यामागोमाग मीही जाऊन बसलो. प्रणाली मागे गर्दीत अडकली होती.

त्या बाई परत आल्या. "अहो, इथे..."

"मॅडम, ये जागा पकडेला है!"

"बाजूला माझी पर्स..."

"पर्स को कौन पूछता है? दस्ती देखो, दस्ती!" मी पर्स उचलून त्यांच्या हातात दिली आणि त्या जागी सुनंदाला बसवलं. सगळी बस आमच्याकडे बघायला लागली. मी सुनंदाला म्हणालो, "लई शिकलेली माणसं, पर जागा धरायचं साधं ग्यान न्हाई बघ!"

"हाव," त्या बाई थेट आमच्याच बोलीत म्हणाल्या, "लई वर्षांनी दस्ती बघितली मी."

मी दस्तीचं टोक हळूच मांडीखाली सारलं.

"तुम्ही प्रणालीचे पप्पा ना? दोन्ही जागा तुमच्यासाठीच धरल्या होत्या. तुम्हाला दारात घ्यायला म्हणून उठले मी."

मी ताडकन उठलो. त्या बसल्या. प्रणाली आली, पण माझ्याकडे न बघता बाहेर बघू लागली. मी वरच्या कडीला लोंबकळत उभा राहिलो. पोरीचं ठरत आलेलं मोडतंय की काय, हीच भीती होती.

खाली मात्र दोघी विहिणी किनवटवर घसरल्या, मग आहेरावर, मग हॉलवर. हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी!

शेवटी मी वाकून विचारलं, "मग... होकार हाय ना?"

"पोरगी पसंतच होती," त्या म्हणाल्या. "तुम्हाला बघून जरा थांबावं वाटलं होतं. पण सुनंदाताईंनी सांभाळून घेतलं!"

लग्न ठरलं. लग्नाच्या बोलण्यांत मुलीच्या बापाची म्हणून एक जागा असते. ती तेवढी मी उभ्या उभ्या घालवली!