बुधवारची पिशवी

शोभा, यातलं एक अक्षर जरी तुला खरं वाटलं ना, तर मी उद्यापासून चहा सोडते. आणि मी चहा सोडणारी बाई आहे का, तूच सांग.

कोरोनाचे दिवस होते. आमची मीनल दवाखान्यात नर्स. सून म्हणजे शिस्तीची पुतळी. तिला तिथून मोजून पाच मास्क मिळालेले, ते जाडे, चोचीसारखे. घरी आली की उतरवलेला मास्क कागदी पिशवीत घालून बाल्कनीत टांगायची. पाच खिळे, पाच पिशव्या, वर पेनाने सोमवार, मंगळवार, असं शुक्रवारपर्यंत.

"आई, या पिशव्यांना हात लावायचा नाही," म्हणाली. का ते पुढे सांगितलं असेल. मी तेवढंच ऐकलं. मला नको म्हटलं की काय होतं ते तुला ठाऊकच आहे.

मंगळवारी संध्याकाळी ती आंघोळीला गेली आणि मी मास्कांची अदलाबदल करून टाकली. मंगळवारचा बुधवारच्या पिशवीत, बुधवारचा मंगळवारच्या. पाहू तरी बाईसाहेबांना कळतं का! हात नाही हं लावला. दिलेला शब्द पाळते मी. चिमट्याने उचलले.

बुधवारी सकाळी पिशवी घेऊन ती ड्युटीला गेली. मी आपली खूश. मुलगा अविनाश फुलके खात बसलेला, त्याचा मंडीदीपचा कारखाना बंद होता.

"मीनलचं डोकं बघ आई," तो म्हणाला. "पेशंट दिवसभर तोंडावर खोकतात. म्हणून एकदा घातलेला मास्क आठवडाभर टांगून ठेवते. तेवढ्यात जंतू मरतात."

"आणि कालचाच आज घातला तर?"

"तर कालचे जंतू नाकाशी. का गं?"

खेळ माझा, आणि जीव त्या पोरीचा.

फोन लावला, उचलेना. किट घातलं की त्यांना फोन घेता येत नाही. मग काय, यांचा जुना रेनकोट चढवला, अविनाशचं हेल्मेट घातलं आणि चालत सुटले. एप्रिलचं ऊन. दवाखान्याच्या गेटवर गार्डने अडवलं.

"अम्मा, बारिश कहाँ हो रही है?"

"मजाक मत कर भैया, बहू को बुला. गलत मास्क लगा लिया उसने."

त्याला काय कळलं कोण जाणे, पण निरोप गेला. मीनल धावत गेटपाशी आली. किट उतरवलेलं, मास्क तोंडावर तसाच.

"आई, काय झालं? कोणाला काही..."

"कोणाला काही नाही. तू आधी तो मास्क काढ. कालचा आहे. मी बदलले."

ती म्हणाली, "पट्टीवर आतून वार लिहिलाय मी. सकाळीच कळलं. बरोबरचा काढून घेतला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची गंमत कशाला घालवू?"

मला इतकं हायसं वाटलं, तिथेच फतकल मारून बसले. तेवढ्यात तिचा आवाज बदलला.

"हात लावलात त्यांना?"

"मी काय बावळट आहे? चिमट्याने उचलले."

"कुठल्या चिमट्याने?"

मी हेल्मेटची काच खाली केली.

"आई, कुठल्या?"

"...फुलक्याच्या."

अविनाशने त्याच चिमट्याचे चार फुलके खाल्लेले, मी दोन. तपासणीत दोघंही ठणठणीत निघालो, तरी चौदा दिवस तो एका खोलीत, मी मागच्या. मीनल स्वयंपाक करून ड्युटीला जायची आणि माझा डबा कागदी पिशवीत घालून कडीला अडकवायची. वर पेनाने लिहिलेलं. पहिल्या दिवशी 'पोहे-जिलेबी'. मी अक्षर जुळवून जुळवून वाचलं, तोंडाला पाणी सुटलं. उघडलं तर लौकीची, आपल्या दुधीची भाजी.

दुसऱ्या दिवशी 'गुलाबजाम'. लौकी. तिसऱ्या दिवशी 'श्रीखंड-पुरी'. लौकी.

चौदा दिवस, शोभा. आणि चौदाही दिवस मला वाटायचं, आज तरी खरं असेल.

हसतेस काय? आणि ती पिशवी कसली आणलीस? जिलेबी? उघड आधी. माझ्यासमोर उघड.

अगं, खरंच जिलेबी आहे की. ठेव इथे. आणि जा आता, मीनल यायच्या आत मला संपवायची आहे.