सुई ट्रेमध्ये ठेवा, डॉक्टर

हे वाक्य आपण किती वेळा म्हटलं, याचा हिशेब ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टरने केव्हाच सोडून दिला होता. सुई हातात देऊ नका, मधल्या ट्रेमध्ये ठेवा, मी तिथून उचलते. सर्जन दर वेळी मान डोलवायचे, अगदी मनापासून. आणि टाका घालून झाला की नजर पेशंटच्या पोटावरच ठेवून, वापरलेल्या सुईसकट चिमटा सरळ तिच्या हाताच्या दिशेने पुढे करायचे. माणूस वाईट नव्हता. हाताला गुण होता. फक्त तो हात कुणाचं ऐकत नसे, मालकाचंसुद्धा.

शेवटी व्हायचं तेच झालं. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये ती पुढचा धागा काढत असताना चिमटा आला आणि सुई एकावर एक घातलेल्या दोन्ही हातमोज्यांतून तिच्या बोटात घुसली. तिने हातमोजे काढले, नळाखाली साबणाने बोट धुतलं, स्वतःचं आणि पेशंटचं रक्त तपासायला दिलं. पेशंटचा रिपोर्ट येईपर्यंत, एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या.

घरी नवरा शिंपी.

"एवढंसं टोचलं त्याचा केवढा बाऊ," तो ओठांत टाचण्या धरूनच म्हणाला. "मला रोज टोचतं."

"तुझी सुई कापडातून येते. माझी माणसाच्या पोटातून. आणि त्या टाचण्या आधी तोंडातून काढ."

त्याने काढल्या. जरा वेळाने परत घातल्या. तिने कपाळावर हात मारला.

पेशंटचा रिपोर्ट चांगला आला, गोळ्या थांबल्या. सर्जन फळांची पिशवी घेऊन आले आणि मायेने म्हणाले, "सिस्टर, जरा जपत जा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या ऑपरेशनला चिमटा नेहमीसारखाच आला. तिने दोन्ही हात छातीशी घेतले आणि तशीच उभी राहिली.

"सिस्टर?"

"ट्रे, डॉक्टर."

"अहो, पेशंट टेबलावर आहे."

"म्हणून तर लवकर ठेवा."

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई मॉनिटरमागे उगाच खोकल्या. सर्जननी धुसफुसत चिमटा ट्रेमध्ये ठेवला. त्या दिवशी प्रत्येक टाक्याला हेच झालं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मला लहान पोरासारखं वागवता तुम्ही."

"पोरं लवकर शिकतात, डॉक्टर."

बरेच दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. पण हात हळूहळू ट्रेकडे वळायला लागला. कधी विसरून पुढे यायचा, हवेत थबकायचा आणि मुकाट मागे फिरायचा.

मग एकदा बाहेरगावचे एक सर्जन ऑपरेशनला आले. त्यांनी सुई थेट तिच्या हातात द्यायला चिमटा पुढे केला, तसे आपले डॉक्टर समोरून कडाडले, "ट्रेमध्ये. आमच्याकडे ही पद्धत मी पहिल्यापासून लावलीय."

सिस्टरने मास्कच्या आत दातओठ खाल्ले आणि ट्रेमधली सुई उचलली.